घाटापलीकडून येणारा बुश

खारा वारा गाडी खातो, हे आमच्या किनाऱ्यावर लहान मूलही सांगेल. ते खरंही आहे. सायकलची चेन, खिडक्यांचे गज, विहिरीवरचा पंप, पडवीच्या पत्र्याचे खिळे यांतलं काहीच त्याच्या तावडीतून सुटत नाही. त्यामुळे मुंबईतली नोकरी संपवून काका गुहागर तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला आले आणि सोबत आपली २०११ सालची युरोपियन सेडान घेऊन आले, तेव्हा वाडीतल्या जाणत्यांनी पहिलं भाकीत केलं ते पत्र्याचं. दोन-चार पावसाळे, मग खालचा तळ गळून पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

तळ अजून जागेवर आहे. चाकांच्या वरच्या कमानींना किंवा दाराच्या खालच्या कडेला एक फोडसुद्धा आलेला नाही. याचं कारण तिकडच्या हिवाळ्यात आहे. युरोपात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ वर्षानुवर्षं गाड्यांची पोटं खात आलं. त्यावर उपाय म्हणून तिथल्या कंपन्यांनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली. ऑडीने १९८५ साली ऑडी १०० या गाडीचा संपूर्ण सांगाडाच अशा पत्र्यात आणला. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. तिकडच्या मिठासाठी केलेली ही तयारी आमच्या खाऱ्या हवेतही उपयोगी पडते.

मग बिघडतं काय? ज्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तेच सगळं बिघडतं: रबर, प्लास्टिक आणि तांब्याचे जोड.

पुढच्या चाकाला सांगाड्याशी जोडणारा जो लोअर आर्म असतो, त्याच्या टोकाला रबराचा बुश बसवलेला असतो. खड्ड्याचा दणका त्यानेच गिळायचा असतो. नवीन असताना तो इतकं चोख काम करतो की युरोपियन गाडीची रस्त्यावरची पकड म्हणून जिचं कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा या मुठीएवढ्या रबराचा असतो. पण हे रबर गुळगुळीत रस्त्यांच्या हिशेबाने घडवलेलं. आमच्याकडे त्याला मुंबई-गोवा महामार्गाचे वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेले तुकडे, परशुराम घाटातले वळसे आणि गावात शिरताना जांभ्याच्या कच्च्या वाटा पेलाव्या लागतात. वर आठ महिने ऊन आणि चार महिने पाणी. रबराला आधी बारीक चिरा पडतात, मग ते धातूपासून सुटतं, मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढू लागते आणि टायरची आतली कड खाल्ली जाते. सुरुवात एका बुशपासून होते आणि शेवट दोन टायर, अलाइनमेंट आणि बॉल जॉइंटवर होतो.

बुश म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. तो मिळायला मात्र घाट चढावा लागतो. चिपळूणच्या दुकानात मारुतीचा, टाटाचा, महिंद्राचा बुश शेल्फवर पडलेला असतो. आमचा कुंभार्ली घाटापलीकडून येतो, कऱ्हाडमार्गे कोल्हापूरहून नाहीतर पुण्याहून. पुण्याचा दुकानदार सांगतो की नुसता बुश येत नाही, पूर्ण आर्म घ्यावा लागेल, आणि किमतीत एकदम शून्य वाढतं. कोल्हापूरचा मात्र आर्म पाठवून द्या म्हणतो. तिथल्या उद्यमनगरात ओतकाम, लेथ, प्रेस अशी कामं करणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या आहेत. जुना बुश दाबून बाहेर काढायचा आणि मापाचा नवा दाबून बसवायचा, हे त्यांच्या डाव्या हाताचं काम. ते चांगलं टिकतं, असा आमचा अनुभव. पण आर्म काढून पाठवला की परत येईपर्यंत गाडी चाकाशिवाय लाकडी ठोकळ्यांवर उभी.

जुन्या गाडीच्या खर्चाबद्दल बोलताना सगळे बिलाचे आकडे सांगतात. गावात राहून मला पटलेला हिशेब वेगळा आहे. खरा खर्च गाडी उभी राहते त्या दिवसांचा असतो. शहरात गाडी बंद पडली की माणूस रिक्षा करतो. इथे एसटीची सकाळची फेरी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नाही, आणि काकांना डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी ठरलेल्या दिवशीच चिपळूणला पोहोचावं लागतं. मार्गताम्हाने, रामपूर करत जाणारा तो रस्ता, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. अशा वेळी दुसऱ्याची गाडी मागणं, त्याला डिझेल घालून देणं, त्याच्या वेळेप्रमाणे आपली वेळ जुळवणं, हे कुठल्याच बिलात दिसत नाही.

गाडी युरोपियन असल्यामुळे हे होतं, असं लोक सहज म्हणतात. मला ते पटत नाही, आणि माझ्याकडे त्याला मोठा पुरावा आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी मूळची इटलीची, फियाट ११००. तिच्यापेक्षा अधिक युरोपियन गाडी या देशात सर्वसामान्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. मधल्या काळात त्या टॅक्स्या समुद्राच्या हवेत, तुंबलेल्या पाण्यात, दिवसपाळी-रातपाळी धावत होत्या. त्या मोडत नव्हत्या असं कोण म्हणेल? सतत मोडायच्या. पण रस्त्याच्या कडेला, दोन पान्यांच्या जोरावर, तासाभरात पुन्हा चालू व्हायच्या. प्रत्येक नाक्यावर तिचा कार्बोरेटर उघडता येणारा माणूस होता आणि प्रत्येक दुकानात तिची वॉशर होती. विश्वासार्हता नुसती गाडीत नसते. गाडी आणि तिला ओळखणारा माणूस यांच्यातलं अंतर किती, यावर ती ठरते. पद्मिनीसाठी ते अंतर चार पावलं होतं, आमच्या गाडीसाठी एक घाट आहे.

आमचे मेस्त्री चिपळूणचे. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर फियाट आणि अॅम्बॅसेडर केल्या. मुलाने, म्हणजे आमच्या मेस्त्रीने, लॅपटॉप घेतला, वायर घेतली आणि स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायला तो स्वतःच शिकला. पी-०२९९ आला म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी पडतोय, पी-०४०१ आला म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरमधून वायू पुरेसा फिरत नाही, हे तो आता पाहताक्षणी सांगतो. पण त्याच्याकडून मी जे शिकलो ते याच्या पुढचं आहे. तो म्हणाला, ‘‘दादा, कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. कारण आपण शोधायचं.’’

याची प्रचिती पाण्याच्या बाबतीत आली. एका पावसाळ्यात गाडीने विचित्र वागायला सुरुवात केली. काच आपोआप खाली जायची, दारं मध्यरात्री स्वतःहून कुलूप उघडायची, समोरच्या पाटीवर एअरबॅगचा, एबीएसचा, स्टीअरिंगचा असे एकामागून एक दिवे लागायचे. मोठ्या शहरातल्या अधिकृत सेवा केंद्रात ती नेली, तेव्हा त्यांनी एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एक छोटा संगणक, बदललं. बिल असं होतं की त्यात गावात चांगली चालती स्कूटर आली असती. पुढच्या मोठ्या सरीनंतर तेच सगळं पुन्हा सुरू झालं.

मेस्त्रींनी कोडकडे पाहिलंच नाही. चालकाच्या शेजारच्या सीटखालचा गालिचा उचलला. खालचा फोम निथळत होता. त्यांनी बॉनेट उघडून वायपरच्या खालची जाळी काढली, तर आत आंब्याचा मोहोर, फणसाची पानं आणि त्याचा कुजून झालेला काळा पातेरा. समोरच्या काचेवरून ओघळणारं पाणी या खोलगट जागेत येतं आणि दोन भोकांतून खाली जमिनीवर पडतं, अशी मूळ रचना. ती भोकं तुंबली की पाणी चढतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत गाडीत येतं. सनरूफ असलेल्या गाड्यांत आणखी नळ्या असतात, छताच्या कोपऱ्यांतून खांबांच्या आतून खाली जाणाऱ्या, त्याही अशाच तुंबतात. आणि नेमकी तिथेच, गालिच्याखाली, वायरिंगची मुख्य जुडी आणि तिचे जोड असतात. तांब्यावर हिरवी बुरशी चढते, अर्थिंगच्या नटाखाली ओल धरते, तिथला विरोध वाढतो आणि व्होल्टेज पडतं. गाडीतले छोटे संगणक सामाईक तारांवर एकमेकांशी बोलत असतात. त्यांतल्या एकाला वीज नीट मिळाली नाही की बाकीचे त्याच्याविषयी तक्रार करू लागतात. दिवे लागतात ते त्या तक्रारींचे.

मेस्त्रींनी अर्थिंगचे जोड काढून पॉलिश पेपरने घासले, व्हॅसलीन लावून परत कसले, फोम उन्हात वाळवला, भोकं तारेने मोकळी केली. त्यांची मजुरी त्या मॉड्यूलच्या बिलाच्या करापेक्षा कमी होती.

तेव्हापासून गाडीची आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, घरच्या आगोटीबरोबरच होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात घराची कौलं चाळली जातात, लाकडं आत येतात, त्याच दिवसांत जाळी काढून पातेरा उपसायचा, दारांच्या रबरांना सिलिकॉन लावायचं, बॅटरीची टोकं घासायची, खालून गोड्या पाण्याने धुवायची. कौल चाळल्याशिवाय घर पावसाला सामोरं जात नाही, तसंच हे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमची गाडी घरी उंचावर होती, मेस्त्रींचं गॅरेज मात्र उंचावर नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या गाड्या, हत्यारं आणि तो लॅपटॉप, सगळं पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून गाड्या बाहेर काढताना ते येईल त्याला एकच गोष्ट ओरडून सांगत होते: चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी असताना इंजिन चालू करून झालेलं नुकसान विमा कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

त्या पुरात जुन्या युरोपियन गाड्यांचं विम्याचं गणित मला नीट समजलं. पहिल्या पाच वर्षांत गाडीची विमा-किंमत ठरलेल्या टक्क्यांनी उतरते, पाचव्या वर्षापर्यंत निम्मी. पुढे ती मालक आणि कंपनी मिळून ठरवतात. दुरुस्तीचा अंदाज या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’. आता पाहा, किंमत उतरून दोन-अडीच लाखांवर आलेली, पण सुटे भाग मात्र नव्या महागड्या गाडीच्याच भावाचे. गालिच्याएवढं पाणी आत आलं तरी गाडी कागदावर संपते. दुरुस्त होण्यासारख्या कितीतरी गाड्या त्या वर्षी टोइंगच्या ट्रकवरून घाट चढून गेल्या, त्या पुन्हा उतरल्या नाहीत. त्या पाहताना मेस्त्रींच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी विसरलेलो नाही.

नेहमीच्या विम्यातही हेच. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो आणि घसारा माफ करणारं वाढीव कवच इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. दीड लिटरपेक्षा मोठं इंजिन असल्याने थर्ड पार्टीचा हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. लहान इंजिनाच्या शेजारच्या सेडानला तोच ३,४१६.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या बाबतीत आम्ही सुखी आहोत. काकांनी घेताना हाताचे गिअर असलेलीच गाडी शोधली होती. ड्युअल क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सने जगभर अनेकांना रडवलं. फोक्सवॅगनने २०१३ साली सात गिअरच्या अशा बॉक्सचं तेल बदलण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत. म्हणून त्याजागी मिनरल तेल घातलं गेलं. उष्ण आणि दमट म्हणजे आमचा ऑक्टोबर. ज्यांना किनाऱ्यावर जुनी गाडी घ्यायची आहे त्यांना मी हाताचे गिअरच सुचवेन.

प्लास्टिकचंही तसंच. इंजिनातून पाणी बाहेर नेणारे कोपरे, थर्मोस्टॅटचं घर, कूलंटची टाकी हे सगळं प्लास्टिकचं. रोज तापून-निवून ते दहा-बारा वर्षांत बिस्किटासारखं ठिसूळ होतं. त्यातून कुणी चुकीच्या रंगाचं कूलंट वर ओतलं की काही वेळा दोन्हींचा मिळून चिकट गाळ होतो आणि रेडिएटर बसतो. कुंभार्ली चढताना काटा वर सरकला तर थांबायचं, पुढच्या वळणापर्यंतही जायचं नाही. आमच्या डिकीत कायम त्याच जातीच्या कूलंटचा डबा असतो, कारण वाटेतल्या पंपावर ते मिळेल याची खात्री नाही.

मग ही गाडी ठेवायची कशाला, असं भाऊबंद विचारतात. धोपाव्याच्या जेटीवर तर नक्कीच विचारतात, कारण ओहोटीला फेरीबोटीचा रॅम्प उभा होतो आणि गाडीचं नाक कमी उंचीचं. आम्ही दाभोळला जायचं ते भरतीची वेळ बघून, तिरकी घालत. मी उत्तर देतो ते काकांच्या पाठीचं. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे. इतर गाड्यांत चिपळूणपर्यंत त्यांना दोनदा उतरून उभं राहावं लागतं. या गाडीच्या सीटवर ते एकदा बसले की दवाखान्याच्या दारातच उतरतात. पावसात पाण्याच्या तळ्यावरून जाताना ती रेषा सोडत नाही आणि समोरून ट्रक आला तर ब्रेकवर माझा पूर्ण भरवसा असतो. पंधरा वर्षांनंतरही तिचं दार बंद होताना जो आवाज होतो, तो ऐकून मला दर वेळी बरं वाटतं. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. कुणीतरी मन लावून बनवलेली वस्तू आहे ती.

म्हणूनच तिच्याविषयीचं ज्ञान कुलपात ठेवलं जातं, याचा मला राग येतो. जुन्या गाडीतून काढलेलं चांगलं मॉड्यूल दुसऱ्या गाडीत बसवलं तर अनेकदा ते चालतच नाही. कंपनीच्या संगणकाची परवानगी लागते आणि ती परवानगी चिपळूणच्या मेस्त्रीला मिळत नाही. हा प्रश्न नवा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. त्या चौदांत देशी, जपानी, जर्मन सगळ्या होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारगाड्याही घेतल्या आणि त्याच वर्षअखेर एक पोर्टल सुरू झालं. चांगलं झालं. पण पोर्टलवर माहिती असणं आणि मेस्त्रीच्या लॅपटॉपवर ते मॉड्यूल जुळणं, यांच्यामध्ये अजून तोच घाट आहे. माझी मागणी साधी आहे: गाडी विकली त्या दिवशी तिची दुरुस्तीची पुस्तिका आणि जुळणीचे अधिकारही विकले गेले पाहिजेत. मालक बदलला, गाव बदललं, तरी ते गाडीबरोबर जावेत.

आता पंधरा वर्षांचं पासिंग समोर आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आधी ती ६०० होती. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड. पर्यावरण कर वेगळा. मिळतील ती पाच वर्षं. त्यापुढे, वीस वर्षं उलटलेल्या मोटारींसाठी हीच फी २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० झाली आहे. मी हा सगळा हिशेब काकांपुढे ठेवला. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवणारा टायमिंग बेल्टही बदलायला आला आहे आणि तो तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे इंजिन गेलंच, हेही सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मेस्त्री काय म्हणतात?’’

मेस्त्री म्हणतात, इंजिन अजून दोन लाख किलोमीटर जाईल, फक्त बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलायचा, सुटा नाही. किट पुण्याला सांगितलं आहे. ते आलं की मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम, त्याच वेळी आर्म उद्यमनगरला रवाना, आणि पासिंगची तारीख त्याच्यानंतरची. काकांच्या इंजेक्शनची वेळ त्या आठवड्यात येणार नाही, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून घेतलं आहे.